सी जानरावांचा, डी पुंजाजीचा

माझ्या कामरगावच्या कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काही वर्षं असा एक कॉम्प्युटर होता, ज्याचे मालक दोन होते आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. सख्खे भाऊ. थोरले जानराव मनवर आणि धाकटा पुंजाजी. एक दिवस एकाची पाळी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. लोक मला विचारायचे, "सेवालाल, हे लोढणं गळ्यात काहून बांधून घेतलं?" मी सांगायचो, बांधून घेतलं नाही, पंचांनी बांधलं. आणि पंचांवर ती वेळ आली ती जानरावांच्या न्यायबुद्धीमुळे.

जानरावांइतका न्यायी माणूस मी पाहिला नाही. आणि इतक्या न्यायी माणसाबरोबर दिवस काढायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

ही खोड त्यांना लहानपणीच लागली. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचे वडील माणिकराव आणि आई भागिरथाबाई खडी फोडायच्या कामावर जायचे. घरी दोन पोरांत मिळून रेशनच्या मिलोची, म्हणजे लाल परदेशी ज्वारीची, एक भाकर असायची. भागिरथाबाईंनी नियम घालून दिला होता, थोरल्यानं मोडायची आणि धाकट्यानं उचलायची. आमच्याकडे वावराची वाटणी होते तीही ह्याच नियमानं. वाटे पाडणारा वेगळा, उचलणारा वेगळा, म्हणजे लबाडीला जागा राहत नाही. इतर घरांतली पोरं भाकर मोडून खायला लागायची. जानराव मोडायचे, दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून बघायचे, एकीकडचा पापुद्रा काढून दुसरीकडे ठेवायचे, पुन्हा बघायचे. भाकर गार व्हायची आणि पुंजाजी समोर बसून रडायचा. शेवटी तो म्हणायचा, "दादा, तूच घे दोनी, पन खाय आता."

दुष्काळ सरल्यावर माणिकरावांनी मंगरूळपीरच्या एका मंडपवाल्याकडून जुना भोंगा, बॅटरीवरचं मशीन आणि तबकड्यांची पेटी घेतली. बैलगाडीत सामान टाकून बापलेक गावोगावची लग्नं आणि जयंत्या वाजवत फिरू लागले. पुंजाजी सरसर निंबावर चढून भोंगा बांधायचा, जानराव खाली मशीनवर बसायचे. मशीनवर बसल्यावरही माणूस तोच. नवरदेवाकडच्यांची एक तबकडी वाजली की नवरीकडच्यांची एक वाजलीच पाहिजे. जऊळक्याच्या एका लग्नात हिशेब चुकला. नवरदेवाकडची एक जास्त झाली, आणि हे लक्षात येईपर्यंत नवरी परतीच्या गाडीत बसली होती. जानरावांनी पुंजाजीला झाडावर पिटाळून भोंग्याचं तोंड गाडीकडे फिरवायला लावलं आणि नवरीकडचं राहिलेलं गाणं शेवटपर्यंत वाजवलं. गाणं ऐकून नवरी रडता रडता हसायला लागली. सासरी जाताना पोरगी हसली, ह्याचा तिच्या आईला आलेला राग म्हणे पुढे कितीतरी वर्षं टिकला.

तबकड्या गेल्या, कॅसेटी आल्या. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. माणिकराव आणि भागिरथाबाई दोघंही गेले. भावांनी वावर हसतखेळत वाटून घेतलं, पण 'मनवर साउंड सर्व्हिस' एकत्र ठेवली. नवं शतक लागल्यावर वाशिमच्या एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासातून त्यांनी जुना कॉम्प्युटर आणला, त्यात गाणी भरली, आणि मला एक कायमचं गिऱ्हाईक मिळालं. सगळं सुरळीत चाललं होतं. फार दिवस सुरळीत चाललं की काहीतरी बिघडतं, हा माझ्या धंद्यातला अनुभव आहे.

बिघडलं ते धुऱ्यावरून. दोघांच्या वावरांमधला मातीचा बांध म्हणजे धुरा. एका पेरणीच्या वेळी जानरावांना तो हातभर बारीक वाटला, तोही पुंजाजीच्या बाजूनं, नांगरानं खरवडल्यासारखा. घरात बोलले असते तर घरातच मिटलं असतं. पण न्याय चारचौघांत व्हावा हा त्यांचा हट्ट. वर्षावासात, पावसाळ्यातल्या ग्रंथवाचनाच्या बैठकीला, अख्खी वस्ती बुद्धविहारासमोर जमली होती, तिथे ते म्हणाले, "पुंजा धुरा कोरते."

आमच्याकडे माणसाला चोर म्हटलं तर तो भांडतो. धुरा कोरतो म्हटलं तर तो बोलणंच सोडतो. पुंजाजीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चपला घातल्या आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की साउंड सर्व्हिसमधला माझा वाटा वेगळा करा.

पंच म्हणून जगदेवबुवा आले. वस्तीतले सगळ्यात जुने पंच. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे निकाल देताना त्यांनी कोणाचं ऐकलं असा आरोप कोणाला करता यायचा नाही. भोंगे दोघांना दोन-दोन दिले. जनरेटर जानरावांना आणि अँप्लिफायर पुंजाजीला. म्हणजे एकाकडे वीज आणि दुसऱ्याकडे आवाज. आता एक अँप्लिफायर कारंज्याहून भाड्यानं आणणार आणि दुसरा जनरेटर मंगरूळपीरहून, हे सगळ्यांना दिसत होतं. पण वाटणी म्हणजे वाटणी. मग पाळी आली कॉम्प्युटरची, आणि मला बोलावणं आलं.

"हा कापाचा कसा?" जगदेवबुवांनी मला विचारलं.

माझ्या जिभेला हाड नाही. मी सांगितलं, कापायचं काम नाही. गाणी राहतात ती आतल्या हार्ड डिस्कवर, आणि हार्ड डिस्कमध्ये पार्टिशन घालता येतं. कोठीत मधे पत्रा ठोकून दोन खण करावेत, तसं. एका खणाला सी म्हणायचं, दुसऱ्याला डी. हे ऐकून जगदेवबुवांचा चेहरा असा खुलला की मला तेव्हाच कळलं, आता आपली सुटका नाही.

वाटे पाडायचे होते जानरावांनी. ते स्टूल घेऊन माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "बरोबर मधात घाल रेघ." मी म्हटलं, बरोबर मधे घालून न्याय होणार नाही. सीमध्ये विंडोज आहे. सगळं मशीन तिच्यावर चालतं, पण ती जागाही खाते. जानराव विचारात पडले. चहा आला, त्याच्यावर साय धरली. मग ते म्हणाले, "म्हंजे सी हे हिरीचं वावर हाय, अन् डी कोरडवाहू. हिरीवाल्याले जमीन कमी द्या लागते, कोरडवाहूवाल्याले जास्त." त्या हिशेबानं डी मोठा, सी लहान अशी रेघ त्यांनी माझ्याकडून इकडे-तिकडे सरकवून घेतली. हार्ड डिस्कची ओलीत आणि कोरडवाहू अशी प्रतवारी करणारा माणूस माझ्या माहितीत तरी दुसरा नाही.

पुंजाजीनं दारात उभ्या उभ्याच डी उचलला.

मग एक अडचण लक्षात आली. मशीन सुरू होतं ते सीमधून. म्हणजे पुंजाजीला आपल्या वाट्यात जायचं तर भावाच्या वाट्यातून जावं लागणार. जगदेवबुवांना ह्यात काहीच नवीन वाटलं नाही. अशी भांडणं त्यांनी जन्मभर सोडवली होती. "मंग वहिवाट द्या," ते म्हणाले. ठरलं असं की पुंजाजीनं सीमधून जावं, पण मधे थांबू नये आणि कशाला हात लावू नये. "गाडी ने, पन बैल सोडू नोको," असं त्यांनी त्याला बजावलं. मशीन कोणाच्याच घरी नको म्हणून माझ्या दुकानात ठेवलं, आणि विहिरीच्या पाण्याला असते तशी दिवसाआड पाळी लावून दिली.

पुढची काही वर्षं मी जे पाहिलं ते कोणाला सांगून खरं वाटणार नाही. जानरावांनी सीच्या पडद्यावर स्वतःचा हात जोडलेला फोटो लावला, कुठल्याशा जयंतीतला. पुंजाजीच्या पाळीला मशीन सुरू झालं की समोर थोरला भाऊ हात जोडून उभा. पुंजाजी तोंड फिरवून स्टँडवरच्या एसट्या बघत बसायचा आणि मला म्हणायचा, "डी खुलला का सांगजो." गाणीही पंचांनी एकाआड एक वाटली होती, त्यामुळे एकाच गायकाची अर्धी गाणी इकडे आणि अर्धी तिकडे. जयंतीला दोघांनी चौकाच्या दोन टोकांना आपापले भोंगे लावले, तेव्हा अख्खी मिरवणूक मधे उभी राहून ठरवत होती की नाचायचं कोणत्या दिशेला तोंड करून.

पण जानरावांचा न्याय रागातही सुटला नाही, हे सांगायला हवं. भारनियमनाचे दिवस होते. पुंजाजीच्या पाळीला वीज जास्त वेळ गेली, तर दुसऱ्या दिवशी जानराव तेवढा वेळ मशीन बंद ठेवून नुसते बसून राहायचे. मी म्हणायचो, त्याला कुठं कळणार आहे? ते म्हणायचे, "मले कयते ना." त्यांच्यासाठी मी पंखा लावायचो, तर तोही बंद करायला लावायचे.

बोलणं तुटलं होतं ते फक्त दोघा भावांचं. जानरावांच्या पंचफुलावहिनी आणि पुंजाजीची गंगू ह्या जावा एका दिवसासाठीही वेगळ्या झाल्या नाहीत. घरात आणि अंगणात मधे भिंत घातली तेव्हा त्या दोघींनी गवंड्याला दोन विटा लावूच दिल्या नाहीत. त्या भोकातून भाजीच्या वाट्या जायच्या, इस्त्री जायची, आणि घरातल्या पुरुषांबद्दलच्या तक्रारी दोन्ही बाजूंनी जायच्या.

इकडे जानरावांनी सीमधलं एकही गाणं कधी पुसलं नाही. "गान्यानं आपलं काय बिघडवलं?" असं त्यांचं म्हणणं. सी भरत गेला. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की तोवर मी एखादा मोबाइल उघडून, दुरुस्त करून, बंद करायचो. त्यातच मला मुतखड्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला जावं लागलं. दुकानाची किल्ली जगदेवबुवांकडे ठेवली. परत आलो तर मशीन झकास चालत होतं. कळलं की ते मधे पार बंद पडलं होतं. त्या दिवशी पाळी पुंजाजीची होती, म्हणून त्यानं ते जीपमध्ये टाकून मंगरूळपीरला नेलं आणि दुरुस्त करून आणलं. काय केलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चालत्या मशीनला मी हात लावत नाही. जानराव एवढंच म्हणाले, "या खेपले त्यानं केलं, पुढच्या खेपले मी करीन."

मग जानरावांच्या लेकीचं, सुकेशनीचं लग्न ठरलं आणि जानरावांची झोप उडाली.

माणूस न्यायी असला की त्याला माफी मागणं फार जड जातं. कारण आधी चूक आपली आहे हे सिद्ध व्हावं लागतं. बारीक झालेला धुरा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मग माफी कशाची मागणार? आणि न मागता पुंजाजीच्या दारात कोणत्या तोंडानं जाणार? पण तो लग्नाला आला नाही तर? सुकेशनीला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं ते ह्या काकानं. ते मला म्हणाले, "पोरीच्या लग्नात दुसऱ्याचा साउंड वाजला, अन् पुंजा घरी बसून आयकत राह्यला, तर मी जित्तेपनी मेलो, सेवालाल."

ह्यावर त्यांनी जो उपाय काढला तो त्यांच्याच डोक्यातून निघू शकतो. "ते पार्टिशन काढून टाक," ते म्हणाले. "मशीन एक झालं का धंदा एक झाला. धंदा एक झाला का मी त्याले सांगाले जाऊ शकतो, का बुवा ह्या तारखीले आपल्या साउंडले काम हाय. मंग माफीचा सवालच नाही."

त्या दिवशी पाळी त्यांची नव्हती. बिनपाळीचे जानराव मी पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

डी पुसायचा तर पुंजाजीची परवानगी हवी. ती भिंतीतल्या भोकातून मागवली. पंचफुलावहिनींनी इकडून विचारलं, गंगूनं तिकडून उत्तर आणलं, "ते म्हनतेत, काढा म्हना. मले त्याचं काय करा लागते." आणि पदरचं एक वाक्य जोडलं, की हे म्हणताना त्यांनी दोनदा नाक पुसलं.

आधी मी दोघांचीही गाणी सीडीवर उतरवून घेतली. डीमधली उतरवताना जानराव रस्त्याकडे तोंड करून बसले. दुसऱ्याच्या वाट्यात आपण डोकावत नाही, म्हणाले. सगळं उतरवून झालं आणि मी पार्टिशन काढायला घेतलं. ते निघेना.

कॉम्प्युटर सांगू लागला, हा भाग वापरात आहे, काढता येणार नाही. मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. वापरात आहे. जेवढं म्हणून बंद करता येतं तेवढं बंद केलं. वापरात आहे.

"कोन वापरून राह्यला?" जानरावांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"मंग हा खोटं बोलून राह्यला का?"

त्यांनी खरोखरच एका माणसाला पुंजाजीच्या घरी पिटाळलं. तो येऊन सांगता झाला की पुंजाजी अंगणात दाढी करतो आहे. म्हणजे डी तो वापरत नव्हता.

माझं दुकान स्टँडसमोर. कारंज्याची गाडी चुकलेली माणसं एकेक करून आत आली आणि सल्ले देऊ लागली. एकानं सांगितलं, मशीन तापलं असेल, ओल्या पोत्यावर ठेवा. दुसरा म्हणाला, माझ्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरचं असंच झालं होतं, त्यानं फाळ बदलला. तिसरा नुसता माझ्या मानेवर श्वास सोडत होता. मला चिडायला तसंही फार लागत नाही. मी सगळ्यांना दुकानाबाहेर काढलं, आणि त्यातले दोघं माझे सासुरवाडीकडचे निघाले. त्याचं मला पुढे घरी बरंच ऐकावं लागलं.

एवढ्यात जगदेवबुवा आले. वाटणी मोडताहेत असं त्यांच्या कानावर कोणीतरी ओरडून घातलं होतं. ते खुर्चीवर बसले, काठी उभी धरली आणि म्हणाले, "वाटनी पंचाईनं केली. पंचाईले न इचारता निंगन कशी?" मग कॉम्प्युटरकडे वळले आणि जरा मोठ्यानं बोलले, कारण सगळ्या जगाला आपल्याइतकंच ऐकू येतं अशी त्यांची समजूत होती. "आमी पंच म्हनून सांगतो. सोड आता."

जानरावांनी हात जोडले. पडद्यावरच्या जानरावांचे आधीपासून जोडलेलेच होते. मी बटण दाबलं. वापरात आहे.

शेवटी मी सगळ्यांकडे पाठ करून विंडोजचं एकेक पान उघडत गेलो, आणि कारण सापडलं. विंडोजला काम करताना पसारा मांडायला थोडी जागा लागते. तो पसारा ती आपल्याच खणात मांडते. पण सी तर गच्च भरलेला. म्हणून मंगरूळपीरच्या कारागिरानं तिला पसारा मांडायला डीमध्ये जागा करून दिली होती. तेव्हापासून मशीन झकास चालत होतं ते ह्याच कारणानं. डी वापरत होता तो सीच.

मी हे जानरावांना मोठ्या खुशीत सांगितलं. पसारा उचलून परत सीमध्ये आणला की पार्टिशन निघणार होतं. मी कामाला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब. पुन्ना सांग. सी माहा. डी त्याचा. अन् माह्या सीचा पसारा त्याच्या डीत?"

"हो."

"म्हंजे इतके दिवस मी त्याच्या वाट्यात चरून राह्यलो?"

"तुम्ही नाही हो, विंडोज."

"इंडोज कोनाच्या वाट्याले आली होती?"

मी पडद्यावरच्या हात जोडलेल्या फोटोकडे बघितलं. "याले धुरा कोरनं म्हनतेत, सेवालाल," ते म्हणाले, आणि मला त्यांची फार दया आली. दुसऱ्याच्या वाट्याची वीजसुद्धा ज्यानं कधी जाळली नाही, त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी समजूत घालत राहिलो, की कॉम्प्युटरमध्ये असं चालतंच, ह्याला कोणी चोरी म्हणत नाही. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "उचल मशीन."

आम्ही निघालो. पुढे जानराव, मागे मशीनचा डबा छातीशी धरून मी, त्यामागे काठी टेकत जगदेवबुवा. मॉनिटर उचलायला हात कमी पडत होते, तर गाडी चुकलेला एक प्रवासी तो घेऊन आमच्याबरोबर चालू लागला. आमच्यापैकी कोणीच त्याला ओळखत नव्हतं. तेवढ्यात दुसरी गाडी आली आणि निघूनही गेली, पण त्याला आता ह्याचा निकाल बघायचा होता.

पुंजाजी अंगणात बसून भोंग्याच्या आत लागलेलं गांधीलमाशीचं पोळं काडीनं काढत होता. जानराव दारातच थांबले. भिंतीच्या भोकातून पंचफुलावहिनींचा एक डोळा दिसत होता.

"पुंजा," जानराव म्हणाले, "तुले चारचौघांत बोललो होतो, म्हनून चारचौघं संग घेऊन आलो. मी तुहा वाटा खाल्ला." मग त्यांनी सगळं सांगितलं. विंडोज, पसारा, सी, डी, सगळं, आणि जिथे चुकले तिथे मी सुधारलं. "मले मालूम नोतं," ते शेवटी म्हणाले. "पन धुरा मी कोरला."

पुंजाजी काडीनं पोळं काढत राहिला. ते कधीच निघालेलं होतं.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

"काय मालूम होतं?"

"मंगरुळात त्या दुरुस्तीवाल्यानं मले इचारलं होतं. म्हने तुह्या भावाचा खन भरला, मशीन मरून राह्यली, तुह्या खनातली जागा देतं का? मी म्हनलं, दे."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू घेतली असती का?"

जानराव ओट्यावर बसले. मला रडू येत होतं, आणि ते त्या अनोळखी प्रवाशासमोर यायला नको होतं, म्हणून मी मशीन जोडायला घेतलं. तर वीज गेलेली. पंचफुलावहिनींनी न सांगता जनरेटरची वायर भोकातून आत सरकवली आणि पलीकडे जनरेटर सुरू केला. तो जुना, त्याला आवाज भलता. त्यामुळे भावांना पुढचं बोलणं ओरडून करावं लागलं आणि ते सगळ्या वस्तीला नीट ऐकू गेलं.

"अन् तो धुरा मीच कोरला होता," पुंजाजी ओरडून म्हणाला. "बैल वढत गेला, अन् मी वढू देल्ला."

"मले दिसला होता," जानराव ओरडले.

"मंग आता?"

"मंग आता काय. तुह्या बैलानं हातभर खाल्लं, माह्या इंडोजनं हातभर खाल्लं. झाली फिट्टंफाट."

दोन हात नीट मोजून न बघता जानरावांनी केलेला हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच न्याय. जगदेवबुवा भिंतीला टेकून मान डोलावत होते. भाऊ ओरडत होते म्हणून त्यांना आज पहिल्यांदाच सगळ्यांइतकं ऐकू येत होतं, म्हणजे सगळंच.

मी माझं काम उरकलं. जानरावांची गाणी सीडीवर होतीच, ती सीमधून पुसली. जागा झाली तसा पसारा तिकडे नेला, मशीन बंद करून सुरू केलं आणि डी काढून टाक असं सांगितलं. ह्या वेळी तो एका शब्दानं अडला नाही. पुढे दोन्ही जागा जोडायला मला सगळंच पुसून नव्यानं घालावं लागलं, पण ते मी दुकानात नेऊन केलं. अंगणात मी तेवढंच म्हटलं, "निघालं." माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. प्रवाशानं मात्र पुढे होऊन माझा हात हातात घेतला.

जनरेटर बंद झाला. गंगूनं चहा आणला. पुंजाजीनं घरातून अँप्लिफायर आणून ओट्यावर ठेवला आणि फडक्यानं त्याची एकेक कळ पुसायला लागला. मग मान वर न करता म्हणाला, "सुकेशनीच्या लग्नाची पत्रिका अख्ख्या कामरगावले भेटली. मलेच नाही भेटली."

जानरावांनी हातातली बशी खाली ठेवली.

"पत्रिका परक्याले असते," ते म्हणाले. "तू मांडवाच्या तोंडाशी उभा राह्यजो, अन् येनाऱ्याईले या म्हनजो."